गेंडा उजव्या हाताला

घोरपडे सरांच्या गाडीला ब्रेक दोन.
एक माझ्या पायाशी, एक त्यांच्या.
पहिले तीन दिवस गाडी तेच थांबवत
आणि शाबासकी मला देत.

चौथ्या दिवशी गेंडा सर्कल.
सकाळचे पावणेनऊ. शाळेच्या रिक्षा,
ॲक्टिव्हांचे थवे, कलिंगडांचा टेम्पो,
आणि मधोमध तो एकटा,
ज्याला कुठेच जायचं नाही.

"मानेबेन," सर म्हणाले
(मराठीच ते, पण तीन पिढ्या बडोद्यात,
बेन म्हटल्याशिवाय जीभ वळत नाही)
"गेंडा उजव्या हाताला. प्रदक्षिणेत देव असतो तसा.
आणि उजवीकडून येतोय त्याचा मान पहिला.
तो आत आहे. आपण दारात."

मी दारात उभी राहिले.
मागून हॉर्न, त्याच्या मागून आणखी हॉर्न.
लग्नाच्या वरातीतसुद्धा
माझ्यामुळे एवढे लोक खोळंबले नव्हते.
"घाई नथी," सर म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघू लागले.

तेव्हा पायांना आठवलं.
दांडिया बाजारातल्या आम्ही मुली,
संध्याकाळी पाटावरच्या हत्तीभोवती भोंडला,
रात्री मैदानात गरबा.
घेराच्या काठावर चपला काढून उभ्या.
हाताला धरून आत कुणी नेत नसे.
टाळी आधी काठावरच धरायची,
मग दोन घागऱ्यांमध्ये फट दिसली
की थबकायचं नाही, धावायचंही नाही,
त्यांच्याच चालीनं शिरायचं.
धक्का लागला तर चूक शिरणारीची.
नियमांच्या पुस्तकात हे मी एकसष्टाव्या वर्षी वाचलं.

(गरबा उलटा फिरतो, सर्कल सुलट.
एवढंच काय ते पायांना समजवावं लागलं.)

फट आली.
गेल्यावर सरांच्या पायाकडे पाहिलं.
बूट ब्रेकपासून वीतभर लांब.

आमच्या गाडीला ब्रेक एकच.
बाजूला हे. डोळ्यांचे पडदे गेले,
किल्ली डॉक्टरांनी माझ्या हातात दिली,
ह्यांच्यासमोर.

चाळीस वर्षं ह्यांनी सर्कलं ओलांडली
दिवे उडवत, तळवा हॉर्नवर.
"समोरचा थांबतो," म्हणायचे.
थांबायचा.
एकदा नाही थांबला. लूनावरचा मुलगा,
माझ्या बाजूच्या दाराला घासून पडला.
उठून बसला, चप्पल शोधू लागला,
मी काच खाली करेपर्यंत
आम्ही फतेगंजच्या रस्त्याला लागलो होतो.
त्याला चप्पल सापडली की नाही, मला माहीत नाही.

"घाल आता," हे म्हणतात. "घाल की!"
मी एक रिक्षा जाऊ देते. एक बस.
सायकलवरचा एक पोरगा, हँडलला दप्तर,
इकडे बघतसुद्धा नाही.
"ह्याला कशाला? हा थांबला असता."
"तो आत आहे," मी म्हणते.

मग शिरते. मोठ्या बसच्या कुशीत
तिसरा रस्ता हुकतो.
"चुकलीस!"
"हो."
पुन्हा एक फेरी. गेंड्याची पाठ, शेपूट,
पुन्हा शिंग.
इतक्या वर्षांत ह्यांनी हा गेंडा
सगळ्या बाजूंनी पाहिला नसेल,
आणि आता दिसत नाही.
ते बोटांवर रस्ते मोजतात:
पहिला, दुसरा...
"डावा दिलास का?"

"ऐका ना."

टिक्. टिक्. टिक्.

मान हलवली त्यांनी.
उजवा पाय मात्र चटईवर दाबलेला,
घर येईपर्यंत.